लाडक्या घोड्याची आठवण मातीच्या भांड्यावर: केसांच्या रेघा कशा उमटवाव्यात

घोड्याच्या शेपटीचा केस तापलेल्या भांड्याला टेकवला की तो वळवळतो, भुर्रकन जळतो आणि मागे काळी नागमोडी रेघ सोडतो. केस उरत नाही, त्यातला कार्बन मातीच्या छिद्रांत मुरतो. अमेरिकेच्या नैऋत्य भागातले नवाहो आणि अकोमा या मूलनिवासी समाजांतले कुंभार अशी भांडी करतात. गेलेल्या किंवा म्हाताऱ्या झालेल्या घोड्याची आठवण म्हणून आता इतरही बरेच जण ती करून घेतात. कृती अवघड नाही, सगळा खेळ तापमानाचा आहे.

केस

शेपटीचे केस सगळ्यात चांगले. जाड असल्यामुळे त्यांची रेघ ठळक उमटते. आयाळीचे केस बारीक, त्यांची रेघ नाजूक येते. घोडा हयात असेल तर शेपटीच्या आतल्या बाजूची बट कापा, वरून काही दिसत नाही. वीतभर लांबी तरी हवीच, नाहीतर केस सोडताना बोटं भांड्याच्या फार जवळ जातात. सौम्य शाम्पूने मळ आणि तेलकटपणा घालवा, पूर्ण वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. लागतील त्याच्या दुप्पट केस जमवा. ते का, ते शेवटी कळेल.

कुत्र्या-मांजराच्या केसांकडून मात्र लांब रेघांची अपेक्षा ठेवू नका. आखूड, मऊ केस चिमटीने भुरभुरले तर ठिपके आणि धुरकट डाग उमटतात. तेही छान दिसतात, पण चित्र वेगळं असतं.

भांडं

भट्टीतून लालबुंद भांडं एकदम गार हवेत येणार, त्यामुळे साधी माती तडकू शकते. भाजलेल्या मातीची भरड मिसळलेली, राकूसाठी (तापलेलं भांडं भट्टीतून थेट बाहेर काढायच्या जपानी पद्धतीसाठी) मिळते तशी पांढरी माती घ्या. आकार साधा ठेवा: गोल पोटाची बरणी, छोटा कुंभ. कान, तोटी, बारीक नक्षी नको. भिंतींची जाडी सगळीकडे सारखी हवी. भांडं अर्धवट वाळलं की तळाला जनावराचं नाव कोरून घ्या.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. सुकत आलेल्या भांड्यावर टेरा सिजिलाटाचे, म्हणजे अतिबारीक मातीच्या पातळ निवळीचे, दोन-तीन हात द्या. मग गुळगुळीत गोटा, चमच्याची पाठ किंवा मऊ कापड घेऊन आरशासारखी झाक येईपर्यंत घोटा. खरबरीत पृष्ठभागावर रेघ फिसकटते, घोटलेल्यावर ती स्वच्छ उठते. ग्लेझ लावायचं नाही. काचेचा थर छिद्रं बंद करतो, मग कार्बन मुरणार कुठे? पूर्ण वाळल्यावर साधारण ९५० अंश सेल्सिअसला पहिली भाजणी करा. त्याहून फार वर गेलात तर घोटलेली चमक मरते.

केस टाकायचा दिवस

हे काम उघड्यावरच करावं. जळत्या केसांचा वास उग्र असतो आणि धूर नाकातोंडात जाऊ देऊ नये, म्हणून श्वसनाचा मास्क लावा. उष्णतारोधक हातमोजे, डोळ्यांना चष्मा, अंगात सुती कपडे, पायात बंद बूट हवेत. स्वतःचे केस बांधून घ्या. जवळ भट्टीची वीट मांडून ठेवा. गार फरशीवर ठेवलं तर भांडं तिथल्या तिथे तडकेल. केसही आधीच एकेक वेगळे करून हाताशी ठेवा. भांडं बाहेर आल्यावर गुंता सोडवायला वेळ मिळत नाही.

भट्टी ७०० ते ७५० अंशांपर्यंत हळूहळू तापवा. लांब चिमट्याने भांडं उचलून विटेवर ठेवा आणि लगेच एकच केस टेकवून बघा. तो पेट घेऊन नाहीसा झाला, मागे काहीच उरलं नाही, तर भांडं अजून फार गरम आहे. काही सेकंद थांबा. केस वळवळून कुळकुळीत काळी रेघ उमटली की वेळ आली. केस वितळल्यासारखा होऊन चिकटून राहू लागला म्हणजे भांडं निवलं, आता थांबा. या दोन टोकांमधला अवधी मिनिट-दोन मिनिटांचा. भांडं लहान असेल तर त्याहूनही कमी.

केसाचं एक टोक धरून दुसरं भांड्याला लागू द्या, पुढचं त्याचं तो बघतो. रेघ कुठे वळेल हे तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढंच की किती केस टाकायचे. माझं मत विचाराल तर कमी टाका. दोन-चार केसांची जुडी एखाद्याच ठिकाणी, बाकी सुटे. सगळी बाजू भरून काढली की भांडं नुसतं काजळलेलं दिसतं. सरावाचे एक-दोन वाडगे दुसऱ्या घोड्याच्या केसांवर आधी करून बघा.

वाऱ्यापासून आडोशाला भांडं आपोआप निवू द्या. पाणी मारू नका. पूर्ण गार झाल्यावर ओलसर फडक्याने राख पुसा. चिकटलेले अवशेष नखाने सुटतात.

मग लगेच मेण लावू नका. भांडं दोन दिवस समोर ठेवून बघा. रेघा मनासारख्या नसतील तर ते पुन्हा पहिल्या भाजणीइतकं तापवा. कार्बन जळून जातो, भांडं पांढरं होऊन बाहेर येतं आणि राखून ठेवलेल्या केसांनी पुन्हा सुरुवात करता येते. पसंत पडलं तर मेणाचा पातळ हात देऊन मऊ कापडाने चोळा. एवढं करूनही ते पाणी धरत नाही, खाण्यापिण्याला तर चालतच नाही. त्यात फुलं ठेवायची झाली तर वाळलेली ठेवा.