तापली की बंद, गार झाली की चालू: जुन्या गाडीचा क्रँक सेन्सर कसा ओळखायचा आणि बदलायचा

लक्षण सांगतो, जुळतंय का बघा. चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना नाहीतर पारोळ्याच्या पुढे भर दुपारी गाडी अचानक बंद, झटका नाही, आवाज नाही, कुणीतरी चावी फिरवल्यासारखी. सेल्फ दणदणीत फिरतो पण इंजिन पकडत नाही. अर्धा तास लिंबाखाली उभी केली की अर्ध्या सेल्फमध्ये चालू, आणि पुढच्या तापलेल्या टप्प्यात परत तेच.

यावर पहिला सल्ला येतो फ्युएल पंप बदला, दुसरा ठिणगीची कॉइल बदला, तिसरा थेट ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदला म्हणे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीला आणायला निघालेला माणूस घाईत असतो, गॅरेजवाला म्हणेल ते टाकून मोकळा होतो, आणि गाडी परतीच्या रस्त्यावर पुन्हा उभी राहते. भो, आधी क्रँक सेन्सर बघा. क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, लागलेल्या दातेरी चाकाचे दाते हा सेन्सर मोजतो, त्यावरून ईसीएमला कळतं की ठिणगी कधी द्यायची आणि पेट्रोल कधी मारायचं. सिग्नल गेला की दोन्ही एकदम बंद.

(डिस्ट्रीब्युटरवाली, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा फिरता डबा असलेली, फार जुनी गाडी असेल तर हा सेन्सर बऱ्याचदा डिस्ट्रीब्युटरच्या आतच असतो, तिथे तपासणीची रीत हीच पण काढायचं काम वेगळं.)

आधी दोन सोप्या गोष्टी. चावी ऑन केल्यावर मागून पंपाचा दोन सेकंद घूं आवाज येतो का ऐका, आला तर पंप फिरतोय. मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा, पुष्कळ गाड्यांत तो थोडा हलतो. तुमच्या गाडीत एरवी हलतो आणि बंद पडल्यावर शून्यावर मेल्यासारखा पडून राहतो, तर संशय सेन्सरवरच धरा.

आता खरी मेख. हा सेन्सर गार असताना तपासून काहीच कळत नाही. मी पण यात खूप अडकलो होतो, मल्टीमीटर लावावं तर आकडा एकदम बरोबर, आणि गाडी तरी रस्त्यात दगा देणार. दोन वायरींच्या सेन्सरमध्ये आत बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, जुनं झालं की तार आतून कुठेतरी तुटायला आलेली असते, तापून फुगली की सांधा सुटतो आणि गार झाली की परत टेकतो. म्हणून गाडी सकाळी गॅरेजला नेऊन "सगळं ठीक आहे" ऐकून यायचं म्हणजे पेट्रोल फुकट. आणि बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर फार विसंबू नका. क्रँक सेन्सरचा पी०३३५ कोड आला तर उत्तम, पण कोड आला नाही म्हणजे सेन्सर चांगला असं म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे मी तरी पुन्हा जात नाही. त्यात स्कॅनर ज्याला जोडतात ते ओबीडी-२ आपल्याकडे २०१३ पासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या कित्येक गाड्यांना बाजारातला स्वस्त स्कॅनर जोडलाच जात नाही.

तर तपासणी गाडी मेलेली असतानाच करायची. हायवेवर नको, तिथे ट्रक अंगावरून जातात. घराच्या अंगणात उन्हात गाडी उभी करून एसी लावून चालू ठेवा, आपल्याकडच्या मे महिन्यात फार वाट बघावी लागत नाही. बंद पडली रे पडली की चावी काढा, सेन्सरचं सॉकेट सोडवा आणि सेन्सरच्या दोन पिनांवर ओहम मोजा. साधारण ५०० ते १५०० च्या मधला आकडा हवा, नेमका गाडीगणिक वेगळा. मीटर अनंत दाखवत असेल तर सेन्सर गेला, विषय संपला. तीन वायरींचा असेल तर तो बहुतेक हॉल सेन्सर, म्हणजे बाहेरून सप्लाय लागणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर, त्याला ओहम लावूच नका. सॉकेटमध्ये सप्लाय ५ किंवा १२ व्होल्ट येतोय का आणि अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर बरोबर आहे का तेवढं बघा, ते दोन्ही असून सेल्फ मारताना सिग्नल वायरवर व्होल्ट वरखाली होत नसेल तर सेन्सर गेला.

मीटर नसेल तर फक्त सेन्सरवर गार ओलं फडकं ठेवा. बाकी इंजिन तापलेलंच असताना दोन-चार मिनिटांत चालू झाली तर चोर सापडला. नुसतं अर्धा तास थांबून चालू झाली याने काही सिद्ध होत नाही, तेवढ्यात पंप, कॉइल सगळंच गार होतं. बादलीभर पाणी ओतणारे बघितलेत मी, ते अजिबात करू नका, तापलेल्या एक्झॉस्टवर गार पाणी पडलं तर तडा जातो. हात घालताना रेडिएटरच्या फॅनचं भान ठेवा, इलेक्ट्रिक फॅन चावी बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

सेन्सर ठीक निघाला तर वायर हलवून बघा. इथल्या उन्हाने आवरण कडक होऊन तडकतं, आणि कपाशीच्या गंजीजवळ उभ्या गाडीत उंदीर काय करतात ते सांगायला नको.

बदलणं सोपं आहे. इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, बहुतेक एकच १० चा बोल्ट असतो, सेन्सर हलके पिळत बाहेर. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, टोक आत तुटलं तर रडायची वेळ येते. जागा पुसा, नव्याच्या ओ-रिंगला थेंबभर ऑइल, बोल्ट हाताने धरवून मग पाना, ॲल्युमिनियमचे आटे असतात, जोर लावू नका. वायर सायलेन्सरपासून लांब बांधा. आणि सेन्सर कंपनीचाच घ्या, तीनशे रुपयांचा लोकल पहिल्या उन्हाळ्यातच जातो असा माझा अनुभव.

ट्रायल सकाळी घेऊ नका. दुपारी दोनला एसी लावून चढ चढवा, मग गाडी बंद करून दहा मिनिटं बॉनेट न उघडता थांबा, कारण बंद केल्यावर बॉनेटखाली उष्णता आणखी वाढते, आणि मग सेल्फ मारा. तेव्हाही पकडली नाही तर परत सॉकेटपासून ईसीएमपर्यंतची वायर धरा, तोवर दुसरा पार्ट विकत आणू नका.