पान आडवे सरकू नये म्हणून केलेली दुरुस्ती
ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीचे पान मोबाइलवर उघडले की ते आडवे सरकत असे आणि ओळीचा शेवट वाचण्यासाठी वाचकांना ते बोटाने ओढावे लागत असे. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ लिहिले की सरकणे थांबते, परंतु बाहेर गेलेला मजकूरही कापला जातो, वाचकाच्या दृष्टीने हा उपाय दोषापेक्षा वाईट, म्हणून तो टाळला. त्याऐवजी पानातील सर्व घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन, म्हणजे भोवतीची रेघ, दिली. बॉर्डरप्रमाणे ती जागा व्यापत नाही, त्यामुळे मांडणी न हलता पडद्याबाहेर गेलेला घटक नेमका दिसतो. तो होता फ्लेक्स मांडणीतील (घटक एका रांगेत बसवणाऱ्या सीएसएस पद्धतीतील) टिपांचा रकाना, ज्यात एक लांबलचक, सलग वेबपत्ता होता. फ्लेक्स घटकाची किमान रुंदी मुळात ‘ऑटो’ (आतील मजकुरावरून आपोआप ठरणारी) असल्याने तो आतील सर्वांत लांब अखंड शब्दापेक्षा अरुंद होत नाही. रकान्याला ‘मिन-विड्थ: ०’ (किमान रुंदी शून्य) आणि ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ (गरज पडल्यास शब्द कुठेही मोडण्याची मुभा) दिल्यावर पत्ता दोन ओळींत मोडला व पान पडद्यात बसले. संगणकावर मात्र आडवी पट्टी उरलीच होती, कारण शीर्षभागाची रुंदी १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे ब्राउझरच्या खिडकीच्या पूर्ण रुंदीइतकी, होती आणि त्या मापात उभ्या स्क्रोलबारची जागाही धरली जाते. तिथे १०० टक्के लिहिताच तीही गेली.