नाशिकला वाईन ट्रिप ठरवताय? आधी या चुका टाळा

दर डिसेंबरात ऑफिसातलं कोणीतरी माझ्या डेस्कपाशी येतं आणि म्हणतं, "तू सारखा नाशिकला जातोस ना, एक दिवसाचा प्लॅन दे ना यार, पाच वायनऱ्या बसल्या पाहिजेत." पाच! मुलुंडहून सकाळी निघून रात्री मुलुंडला परत, मधे पाच वायनऱ्या, मिसळ, पंचवटी आणि जमलं तर त्र्यंबकेश्वर. आता तोंडी सांगून दमलो, यापुढे हेच वाचायला देणार.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: एका दिवसात सगळं उरकणे

आधी नकाशा बघा रे. सुला, यॉर्क, सोमा ही मंडळी गंगापूर धरणाच्या बाजूला, म्हणजे शहराच्या पश्चिमेला. शांदों दिंडोरीकडे, म्हणजे उत्तरेला. ग्रोव्हर झाम्पा सांजेगावला आणि व्हॅलोने कावनईला, मुकणे धरणाजवळ, ही दोन्ही इगतपुरी तालुक्यात, नाशिकच्या बरीच अलीकडे. विंचूरचा वाईन पार्क तर निफाडच्याही पुढे. "सगळं नाशिकच आहे" असं म्हणून एका दिवसात कोंबलं की दिवस गाडीत जातो आणि वाईन नुसती पावतीवर दिसते.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, स्वतः केलंय. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन कुटुंबं, मी आणि आमचे साडू, मार्च महिना, चार वायनऱ्यांची यादी साडूंनी एक्सेलमध्ये बनवलेली, प्रत्येकीला पाऊण तास. कसारा घाटात एक ट्रक बंद पडलेला, तिथेच एक्सेल संपलं. साडेदहाला नाशिकात पोचलो तर भूक लागलेली म्हणून झणझणीत मिसळ, एक्स्ट्रा तर्री मारून, आणि तिथून तोंड पुसत थेट टेस्टिंगला, म्हणजे वाईन चाखायला. जीभ आधीच पेटलेली, त्यावर रेड वाईन. तिखटावर अल्कोहोल पडलं की जळजळ वाढते, आणि रेडमधला तो तुरटपणा आणखी टोचतो. साडू पहिल्याच ग्लासाला म्हणाले, "ही खराब झालीय." वाईन ठणठणीत होती, जीभ खराब झाली होती.

मग दुसरी, मग तिसरी. आता जरा हिशेब करा. एका टेस्टिंगला साधारण पाच-सहा वाईन, प्रत्येकी ३० मिलीच्या आसपास. सहा धरल्या तर १८० मिली. तीन ठिकाणी ५४० मिली. बाटली असते ७५० मिलीची. म्हणजे "नुसतं चाखतोय हो" म्हणता म्हणता माणसाने पाऊण बाटलीच्या जवळपास रिचवलेली असते, तीही उन्हात आणि धड जेवणाशिवाय. तिसऱ्या ठिकाणी साडूंना सगळ्याच वाईन कोकम सरबतासारख्या लागायला लागल्या आणि त्या आनंदात त्यांनी एकाच गोडसर वाईनच्या सहा बाटल्या घेतल्या. पुढच्या शनिवारी घरी एक उघडली तर तेच विचारतात, "हे कोणी घेतलं?" चौथी वायनरी आम्ही गेटवरूनच बघितली, ती बंद झाली होती.

तेव्हापासून माझा नियम: दिवसाला दोन, आणि दोन्ही एकाच दिशेच्या. पहिली अकराच्या सुमारास, मग नीट बसून जेवण, मग दुसरी साडेतीन-चारला, सूर्य धरणावर उतरत असताना. मिसळ दुसऱ्या दिवशी, परतीच्या सकाळी. फोनमध्ये प्रत्येक वाईनसमोर एक ओळ लिहितो, "आवडली", "औषध", "वहिनींना चालेल" असलं काहीतरी, आणि खरेदी दुसऱ्या दिवशी त्या ओळी वाचून करतो. आणि हो, टेबलावर थुंकायला भांडं ठेवलेलं असतं ते शोभेला नसतं, वाईन तोंडात घोळवून त्यात टाकायला काही लाज नाही. आपल्याकडे लोकांना वाटतं पैसे दिलेत तर गिळलंच पाहिजे.

गाडी कोण चालवणार हे न ठरवणे

"मी दोनच घोट घेतो" म्हणणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो आणि त्याच्यावर कधीही विश्वास ठेवू नका. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम, पहिल्याच वेळेला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि पुढे घाट उतरायचा असतो. आम्ही आता सकाळच्या ट्रेनने जातो, वंदे भारत नाहीतर तपोवन, आणि नाशिकात दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवतो. एक लक्षात ठेवा, नाशिकरोड स्टेशन शहराच्या एका टोकाला, गंगापूरकडचे मळे दुसऱ्या टोकाला, वीसेक किलोमीटर सहज होतात. अ‍ॅपवरची कॅब जाताना पटकन मिळते, संध्याकाळी मळ्याच्या रस्त्यावरून परत यायला मात्र मिळेलच असं नाही, तिथे अंधारात उभं राहून फोन हलवत बसण्यात मजा नाही.

कॅलेंडर न बघणे, म्हणजे २६ जानेवारीला जाणे

ही माझी दुसरी आवडती चूक, कारण ही तर मी छाती फुगवून केली होती. २०१८ ला २६ जानेवारी शुक्रवारी आली होती. तीन दिवस सलग सुट्टी, थंडी, द्राक्षाचा सीझन सुरू व्हायच्या बेतात, म्हटलं यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. हॉटेल नोव्हेंबरातच बुक केलं, सात माणसं, आईसुद्धा आली होती. दुपारी टेस्टिंग रूमपाशी पोचलो तर बाहेर छोटीशी पाटी, आज ड्राय डे. अख्ख्या देशाला माहीत असतं की २६ जानेवारीला दारू मिळत नाही, आणि मी तीन महिने प्लॅन करणारा माणूस, माझ्या डोक्यात वाईन म्हणजे दारू हे आलंच नाही. सातही जणांनी द्राक्षाचा ज्यूस प्यायला. आई म्हणाली छान आहे, घरी करता येईल. बाकी कोणी माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोललं नाही. शनिवारी परत गेलो तर अर्धा ठाणे जिल्हा रांगेत उभा.

तर २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी हे आधी खोडा. निवडणूक असेल तर मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही बघा, नगरपालिकेची निवडणूक लोक हमखास विसरतात. आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करा. मेसेज नको, फोन. प्रत्येक वायनरी पाहुण्यांसाठी उघडी असते असंही नाही, काही ठिकाणी नुसतं उत्पादन चालतं.

पावसाळ्यात जाऊन "द्राक्षं कुठायत?" विचारणे

आपल्याकडे द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, घड हिच्यानंतरच लागतात, आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी अखेर ते मार्च. जुलैत हिरवंगार दिसतं, ढग खाली आलेले असतात, फोटो झकास येतात, पण घड नसतो. मला स्वतःला जुलै आवडतो, गर्दी कमी आणि इगतपुरीत धुकं. फक्त घड बघायचे असतील तर फेब्रुवारी पकडा.

फेब्रुवारीत गेलात तर मळ्यात शिरून घड तोडू नका, शेतकऱ्याचा माल आहे, आणि कालच फवारणी झाली नसेल हे तुम्हाला काय माहीत. शिवाय वाईनचं द्राक्ष बाजारातल्या थॉमसन किंवा सोनाकासारखं नसतं, बारीक, जाड सालीचं आणि आत बिया. आमच्या भाचीने एक खाऊन तोंड वाकडं केलं होतं, गोडी भरपूर असूनही. आणि टबात उतरून पायाने द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम फोटोपुरता असतो, तुमच्या बाटलीतला रस मशीनच्या प्रेसमधून आलेला असतो. पाय धुवून या, एवढंच.

बाकी किरकोळ, पण दरवेळी दिसणाऱ्या:

अत्तर आणि डिओ मारून टेस्टिंगला येणं. शेजारच्याला वाईनच्या जागी तुमचाच वास येतो.

एकवीस पूर्ण नसलेल्या मुलांना "एक घोट दे ना" म्हणत काउंटरवरच्या पोराशी वाद घालणं. महाराष्ट्रात वाईनसाठी २१ वर्षं, त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल.

नावाच्या उच्चाराला घाबरून कायम "रेडच द्या" म्हणणं. शेनिन ब्लांक ही व्हाइट वाईनच घ्या, शेनिन ब्लांक म्हणा, शेनँ ब्लाँ म्हणा, ते आणून देतात. आणि आपल्या जेवणाबरोबर रेडपेक्षा व्हाइट जास्त चालते असं माझं ठाम मत आहे. किंचित गोडसर शेनिनबरोबर तिखट भरीत खाऊन बघा, आणि सोविन्यों ब्लांक या दुसऱ्या व्हाइटबरोबर कुरकुरीत बोंबील. हॉटेलात चीज प्लॅटर मागवून फोटो काढणाऱ्यांना हे पटत नाही, न पटो.

बाटल्या डिकीत ठेवून दुपारभर देवळं फिरणं. मार्चच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते, वाईन आतल्या आत शिजते, कधी बूच वर येतं. मी थर्माकोलचा मासळीवाला डबा नेतो, घरचे हसतात. हसू दे.

आणि परत यायची वेळ. स्वतःच्या गाडीने आला असाल आणि रविवारी चारनंतर निघालात तर घोटीचा टोलनाका तुमची वाट बघत असतो. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो हे खरं, पण त्यासाठी आधी इगतपुरीपर्यंत पोचावं लागतं आणि पुढे भिवंडी आहेच. आम्ही रविवारी सकाळी मिसळ खातो, चिवडा घेतो आणि बाराच्या आत शहर सोडतो. साडू अजूनही म्हणतात, "अजून एक वायनरी बसली असती." त्यांना मी मागच्या सीटवर झोपायला लावतो.