सावित्रीची गोष्ट पोरांना सांगायचीय? अशी सांगा

वटपौर्णिमेला वडाला दोरा, वाण, उपास सगळं रीतसर होतं पण गोष्ट मात्र दोन वाक्यात उरकतात, नवरा गेला, यमाकडून परत आणला, झालं. असं नका करू.

सुरुवात स्थळ बघण्यापासून करा. बाप अश्वपती सरळ सांगतो, तुझा तूच शोध, आणि ही रथात बसून निघते (पोरींना हे जाम आवडतं). नारद म्हणतात मुलगा वर्षभरच जगणार, तरी ही ठाम. लग्नबिग्न पटकन आटपा.

खरी मजा यमाशी घासाघीस, तिथे वेळ काढा. यम म्हणतो याचा जीव सोडून काहीही माग. ती भांडत नाही, गोड बोलत मागे चालत राहते, आधी सासऱ्याचे डोळे, मग त्याचं राज्य, मग वडलांना 100 मुलगे, मग स्वतःला सत्यवानापासून 100, आणि यम त्यालाही हो म्हणून बसतो!

इथे थांबा. पोरांनाच विचारा, आता यम काय करणार? माझी भाची म्हणाली, "अडकला! मी पण झोपायच्या आधी पहिलं पाणीच मागते, मग गोष्ट, मग अजून एक."