आगोटीच्या आत ॲम्प्लिफायर: सामूहिक खरेदीची तयारी

कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची, बेगमी करताना सुकी मासळी, मीठ, मिरची आणि सरपण यांचा हिशोब वैशाखातच उरकतात. घरी ॲम्प्लिफायर जोडण्याचा छंद असलेल्याने आपले सामानही त्याच हिशोबात धरावे. पावसाने एकदा जोर धरला की इथे पार्सल भिजून येते, वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि उघड्या तांब्यावर दोन दिवसांत काळपट झाक चढते. गणपतीच्या भजनाला आपण जोडलेला ॲम्प्लिफायर लावायचा असेल, तर शिमग्याला यादी पक्की व्हावी, पाडव्यापर्यंत पैसे जमा व्हावेत आणि मेच्या मध्यापर्यंत सामान हातात पडावे. राजापूरपासून वेंगुर्ल्यापर्यंत विखुरलेले आम्ही अकरा जण एलएम ३८८६ या चिपवरचा दोन वाहिन्यांचा ॲम्प्लिफायर अशाच सामूहिक खरेदीतून करतो, आणि पुढची तयारी आमच्या चुकांमधून ठरत गेलेली आहे.

सर्वांत आधी, कोणतीही मागणी नोंदवण्यापूर्वी, प्रत्येकाने आपल्या घरच्या विजेचे व्होल्टेज आठ दिवस पहाटे आणि दिवेलागणीला मोजून लिहून ठेवावे. कागदावर ते २३० असते; माझ्या घरी संध्याकाळी सातला २०५ आणि पहाटे पाचला २४८ भरले. हा फरक किरकोळ वाटतो, पण त्यावरच कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, किती व्होल्ट सोसणारा घ्यायचा ते ठरते. २२-०-२२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर त्याचे शिखर-व्होल्टेज २२ गुणिले १.४१४ म्हणजे ३१ येते. २४८ च्या पहाटे तेच साडेतेहतीस होते आणि भार नसताना ट्रान्सफॉर्मर पाच-सहा टक्के जास्तच देत असल्यामुळे आकडा ३५ च्या पुढे सरकतो. डायोडमध्ये एखादा व्होल्ट कमी होतो, पण तेवढ्यावर भरवसा ठेवून ३५ व्होल्टचे कपॅसिटर लावणे म्हणजे घागर काठोकाठ भरून डोक्यावर घेणे होय. म्हणून यादीत १०,००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट असे स्पष्ट लिहावे.

हे गणित आम्ही पहिल्या वर्षी उशिरा केले. सामान ज्यांवर जोडायचे ते सर्किट बोर्ड ३५ व्होल्टच्या कपॅसिटरच्या मापाने छापून आले होते. ५० व्होल्टचे कपॅसिटर आले ते जाड निघाले आणि त्यांच्या पायांमधले अंतर १० मिलिमीटर, तर बोर्डावरची छिद्रे साडेसात मिलिमीटरवर. अकरा जणांनी मिळून चव्वेचाळीस कपॅसिटरांचे पाय पकडीने वाकवले, त्यांतल्या तीन कपॅसिटरांचे पाय बुडाशी तुटले, आणि बाकीचे आजही बोर्डावर किंचित तिरके उभे आहेत. दोष कोणा दुकानदाराचा नव्हता, आमच्या घाईचा होता. तेव्हापासूनचा आमचा नियम असा की एकाने एकच संच मागवावा, तो पुरता जोडावा, खाली सांगितलेल्या सर्व चाचण्यांतून काढावा, आणि मगच उरलेल्या दहा जणांची मागणी पाठवावी. यात तीन आठवडे जातात. ते शिमग्याआधीच हिशोबात धरावेत.

पैशांचे काम दोघांनी वाटून घ्यावे: हिशोब एकाने ठेवावा आणि सामानाची यादी दुसऱ्याने तपासावी. मालाच्या किमतीबरोबर पार्सलचा खर्च, बाहेरून काही मागवले तर सीमाशुल्क आणि जीएसटी, आणि तुटफुटीसाठीचे जादा सामान हे सर्व आधीच वाटून घ्यावे; नंतर दहा-दहा रुपये मागत फिरणे नको वाटते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रेझिस्टर, कनेक्टर, तारा सगळे मिळते, आणि गटातले कोणी ना कोणी महिन्यातून एकदा मुंबईला जातेच. चिप मात्र अधिकृत वितरकाकडूनच घ्यावी. या चिपच्या नकला बाजारात आहेत. तिची मूळ कंपनी नॅशनल सेमीकंडक्टर २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे गेली. तेव्हा जुने बोधचिन्ह आणि अगदी अलीकडचा सालदर्शक आकडा एकाच चिपवर दिसला, तर ती बाजूला ठेवावी.

सामान आले की ते कसे ठेवायचे याचा विचार समुद्रकाठच्या माणसाने इतरांपेक्षा जास्त करावा. खारा वारा रेझिस्टरच्या पायांवरची चकाकी खातो, आणि मग सोल्डर पसरण्याऐवजी अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन घरंगळते. पापड-कुरडया ठेवण्याचा घट्ट झाकणाचा डबा इथे उत्तम. आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि डबा भिंतीला न लावता फळीवर ठेवावा. ज्या भागांचे पाय तरीही काळवंडले असतील ते बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून घ्यावेत. सोल्डर वायर ६३/३७ ची घ्यावी, कारण ती १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते. जोडकाम संपल्यावर फ्लक्स, म्हणजे सोल्डरमधला चिकट राळेसारखा अंश, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा आणि चाचण्या झाल्यानंतर बोर्डाच्या मागच्या बाजूला संरक्षक लॅकरचा पातळ हात द्यावा. लॅकर आधी देऊ नये. मग एखादा रेझिस्टर बदलताना लॅकरच्या धुराने जीव नकोसा होतो.

चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक निवडताना पुस्तकातले २५ अंशांचे तापमान विसरावे आणि मे महिन्यातल्या माजघराचे ३५ अंश धरावेत. अधिक-उणे ३० व्होल्टवर आणि ८ ओहमच्या स्पीकरवर ही चिप सर्वांत वाईट स्थितीत सुमारे २३ वॉट उष्णता टाकते, दोन वाहिन्यांच्या मिळून ४६. सिंक ६५ अंशांच्या वर जाऊ नये असे ठरवले, तर दर वॉटमागे ०.६५ अंश किंवा त्याहून कमी चढणारा सिंक लागतो, आणि असा सिंक हातात घेतला की चांगलाच जड लागतो. एलएम ३८८६ टी या प्रकाराची धातूची पाठ उणे पुरवठ्याला जोडलेली असते, म्हणून तिच्याखाली अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश लागतो; टीएफ प्रकाराची पाठ प्लास्टिकने झाकलेली असते, तिला हे लागत नाही. यादीत कोणता प्रकार हवा ते अक्षर लिहायचे राहिले, तर अकरा घरांत अभ्रकाची शोधाशोध होते.

अर्थिंगची तपासणी आधीच करून ठेवावी. कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात ठणठणीत कोरडा असतो. फेज आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज फेज-न्यूट्रलपेक्षा बरेच कमी भरले, तर अर्थिंगमध्ये दोष आहे हे नक्की. बरोबर भरले तरी तेवढ्याने अर्थिंग चांगले ठरत नाही, म्हणून वायरमनकडून एकदा पाहून घ्यावे. ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या डब्याला अर्थची तार स्वतंत्र नटबोल्टने, रंग खरवडून, घट्ट लावावी.

चाचणीसाठी मल्टिमीटर, ८ ओहम १०० वॉटचा रेझिस्टर, १०० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर आणि सिरीज बल्ब, म्हणजे विजेच्या वाटेत मध्येच जोडायचा बल्ब, एवढे तयार असावे. बल्ब तारेचाच हवा, ६० किंवा १०० वॉटचा, एलईडी चालत नाही. जुना पिवळा बल्ब आता दुकानात सहज मिळत नाही, तेव्हा तो आधीच शोधून ठेवावा. प्रथम फक्त पुरवठ्याचा भाग बल्बमार्फत चालू करावा. कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. तो उजळलेलाच राहिला, तर लगेच बंद करून डायोडची दिशा आणि ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगांची जोडणी पाहावी. अधिक आणि उणे बाजूंमधला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. मग बंद करून १०० ओहमच्या रेझिस्टरने कपॅसिटर रिकामे करावेत. पेचकसाने टोके जोडून ठिणगी पाडण्याची हौस काहींना असते. तिच्यापायी कपॅसिटर आणि डोळा दोन्ही धोक्यात येतात.

यानंतर चिप असलेला बोर्ड जोडावा. त्याआधी चिपची पाठ आणि सिंक यांच्यामध्ये मल्टिमीटरचा बीप वाजत नाही याची खात्री करावी. इनपुट शॉर्ट करून, स्पीकर न लावता, पुन्हा सिरीज बल्बमार्फत वीज द्यावी आणि आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजावे. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चांगले. शंभरापुढे असेल तर टाके तपासावेत. आणि तिथे पुरवठ्याचे तीस व्होल्ट दिसले तर चिप गेली किंवा उलट लागली असे समजून त्या दिवशी थांबावे. पुढच्या चाचणीत सगळे आकडे ठीक असूनही आउटपुटवर काहीच आले नाही, तर आठव्या पायाचा, आवाज बंद-चालू ठरवणारा, म्यूट रेझिस्टर राहिला आहे का ते पाहावे, कारण त्या पायातून किमान अर्धा मिलिअँपिअर वाहिल्याशिवाय ही चिप बोलत नाही.

मग सिरीज बल्ब काढून, १.६ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज लावून, ८ ओहमच्या रेझिस्टरवर मोबाइलमधून एकसंध सूर द्यावा. साधे मल्टिमीटर वरच्या कंप्रतेला एसी चुकीचे दाखवतात, म्हणून सूर १०० ते ४०० हर्ट्झमधलाच घ्यावा. रेझिस्टरवर १२.६ व्होल्ट मिळाले की ते २० वॉट झाले. त्यावर तासभर चालू ठेवावे आणि दर दहा मिनिटांनी सिंकला बोट लावावे. बोट दोन-तीन सेकंदही टिकत नसेल तर सिंक लहान आहे. रेझिस्टर स्वतः भलताच तापतो, म्हणून तो टेबलावर न ठेवता जांभ्या दगडावर ठेवावा. माझ्या टेबलावर त्याची चौकोनी काळी खूण आहे.

स्पीकर लावायची वेळ आता येते, आणि पहिला स्पीकर जुनाच, गेला तरी हळहळ न वाटणारा असावा. प्रत्येक संचाचे दोन्ही बाजूंचे व्होल्टेज, दोन्ही वाहिन्यांचे डीसी आकडे, तासाभरानंतरचे सिंकचे तापमान आणि चाचणीची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावी, म्हणजे श्रावणात कोणाचा ॲम्प्लिफायर घुमू लागला तर फोनवरूनच विचारता येते की कोणता आकडा बदलला.