किडनीतली छोटी गाठ सुईने जाळताना काय सांभाळायचे

३ सेंटिमीटरपर्यंतची गाठ पोट न उघडता, सीटी स्कॅनवर पाहत कातडीतून सुई घालून जाळता येते. ४ सेंटिमीटरपर्यंतही करतात, पण गाठ मोठी तशी काही पेशी जिवंत राहण्याची भीती वाढते. तब्येत ठणठणीत असेल तर गाठीपुरता भाग कापून काढणे हाच पहिला पर्याय. वय झालेले, हृदय कमजोर किंवा एकच किडनी असलेल्यांना मात्र सुईचा मोठा आधार आहे.

बायोप्सी आधी करून घ्या. अशा छोट्या गाठींपैकी सुमारे २० टक्के कर्करोगाच्या नसतातच, आणि जाळल्यावर तपासायला काही उरत नाही. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) १.५ च्या आत आणि प्लेटलेट ५० हजारांच्या वर हवेत. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध साधारण ५ दिवस आधी थांबवतात. हृदयात स्टेंट असेल तर क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणारे औषध) स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नका. पेसमेकर असल्यास आधीच सांगा.

रेडिओफ्रीक्वेन्सीत, म्हणजे विजेच्या करंटने जाळण्याच्या पद्धतीत, सुईतून शिरलेला करंट मांड्यांवर चिकटवलेल्या पॅडमधून बाहेर पडतो. पॅडची कड सुटली तर तिथली कातडी भाजते, म्हणून जागा कोरडी आणि केस काढलेली हवी. ६० अंशांच्या वर पेशी लगेच मरतात. पण १०० च्या पुढे गेले की ऊतीतले पाणी उकळते, सुईभोवती कोळसा होतो आणि करंट अडतो. मग बाहेरची कड कच्ची राहते. त्यामुळे घाई न करता, बऱ्याच यंत्रांत एका जागी सुमारे १२ मिनिटे उष्णता देतात. गाठीभोवतीची ५ ते १० मिलिमीटर निरोगी कडही जाळावी लागते. शेजारी मोठी रक्तवाहिनी असेल तर वाहते रक्त उष्णता पळवते. मायक्रोवेव्ह लहरींनी जाळण्याच्या दुसऱ्या पद्धतीत हा त्रास कमी, आणि पॅडही लागत नाहीत.

खरा धोका शेजारच्या अवयवांना. आतडे गाठीला लागून असेल तर मध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचे पाणी) सोडून ते दूर सारतात. मिठाचे सलाइन चालत नाही, कारण त्यातून करंट वाहतो. गाठ मूत्रनलिकेजवळ (किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी) असेल तर नलिकेत नळी घालून थंड डेक्स्ट्रोज फिरवत ठेवतात. नाहीतर ती भाजून पुढे आकसते. तुमच्या गाठीपासून आतडे आणि मूत्रनलिका किती मिलिमीटरवर आहेत, हे आधी विचारून घ्या.

नंतर एखादा दिवस लघवी गुलाबी येते, काही दिवस बारीक ताप आणि अंगदुखी राहते. जांघेत बधिरपणा येऊ शकतो, बहुधा तो ओसरतो. गुठळ्या पडून लघवी अडली, कुशीतले दुखणे वाढत गेले किंवा थंडी वाजून ताप चढला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पहिला कॉन्ट्रास्ट स्कॅन (शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेला) ३ ते ६ महिन्यांच्या आत, पुढे निदान ५ वर्षे दरवर्षी. पहिल्या स्कॅनमध्ये जळालेला भाग मूळ गाठीपेक्षा मोठा दिसतो. घाबरू नका, कड धरून जाळल्यामुळे तो तसा दिसतो. पाहायचे ते इतकेच की आत कुठे कॉन्ट्रास्ट भरतोय का, म्हणजे गाठ तिथे जिवंत आहे का. भरत असेल तर तेवढा भाग पुन्हा जाळता येतो. तुलना करायला जुन्या स्कॅनची सीडी लागते, नुसता रिपोर्ट पुरत नाही.