गिअर 'पी'मधून हलत नाही? दांडा ओढण्याआधी मागचे दिवे पाहा

वाईला मामेबहिणीच्या लग्नाहून निघताना आईची गाडी कार्यालयाच्या आवारातच अडली. इंजिन चालू, एसी चालू, आईचा पाय ब्रेकवर, पण ऑटोमॅटिक गिअरचा दांडा 'पी'वरून, म्हणजे 'पार्क'वरून, तसूभर हलेना. बघता बघता आठ-दहा जण जमले आणि प्रत्येकाने एकेकदा ओढून पाहिलं. शेवटी एका धिप्पाड पाहुण्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. आतून 'कट्' असा आवाज आला आणि दांडा लुळा पडला. गाडी मात्र 'पी'मध्येच राहिली.

फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर, घालून ती पुण्याला आणली. पहिल्या गॅरेजमध्ये सांगितलं, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." तेरा वर्षं जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे गाडीच्या उरलेल्या किमतीएवढा खर्च. आईने तर ती भंगारात द्यायची मनाची तयारीही केली होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा डावा पाय क्लचला साथ देईना, म्हणून घेतलेली ती गाडी. ती गेली असती तर तिचं एकटीने बाहेर पडणंच थांबलं असतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीचे एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. आईला म्हणाले, "ताई, तुम्ही ब्रेक दाबून धरा, मी मागे जाऊन बघतो." मागचा एकही लाल दिवा लागला नाही. "गिअरबॉक्स ठणठणीत आहे. ब्रेक लाइटचा फ्यूज उडालाय." दहा रुपयांचा फ्यूज होता तो. वाईला तुटलेल्या दांड्याच्या प्लास्टिकचं काम मात्र त्याच्या कैक पटीने महाग पडलं.

ब्रेकच्या दिव्याचा गिअरशी काय संबंध?

हा संबंध माहीत नसल्यामुळेच पुढच्या बहुतेक चुका होतात, म्हणून इथे जरा थांबते. ब्रेकच्या पेडलच्या वर, डॅशबोर्डच्या पोटात, बोटाएवढा एक स्विच असतो. पेडल दाबलं की तो मागचे दिवे लावतो. ऑटोमॅटिक गाडीत त्याच स्विचचा निरोप गिअरच्या दांड्याखाली बसवलेल्या सॉलेनॉइडपर्यंत जातो. सॉलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यातली एक छोटी लोखंडी पिन. वीज मिळाली की पिन सरकते आणि दांड्याची वाट मोकळी होते. वीज मिळाली नाही तर पिन जागच्या जागी राहते आणि दांडा 'पी'मध्ये अडकतो. यालाच शिफ्ट लॉक म्हणतात.

म्हणजे फ्यूज, स्विच, वायर आणि सॉलेनॉइड अशी ही साखळी आहे. तिची कुठलीही कडी तुटली तरी ड्रायव्हरला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे न हलणारा दांडा. गिअरबॉक्सच्या आतल्या चक्रांचा आणि ऑइलचा या साखळीत कुठेच भाग नाही.

ही यंत्रणा उगाच बसवलेली नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशा तक्रारी आल्या आणि कंपनीने त्या गाड्यांना शिफ्ट लॉक बसवून दिलं. १९८९च्या तिथल्या सरकारी अहवालाने अशा घटनांमागचं मुख्य कारण सांगितलं, ते म्हणजे ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला जाणं. पाय ब्रेकवर असल्याशिवाय गिअरच पडू नये, हा त्यावरचा साधा उपाय. गाडीत एकट्या राहिलेल्या लहान मुलांनी खेळता खेळता दांडा ओढल्यानेही अपघात झाले आहेत. अमेरिकेत १ सप्टेंबर २०१० पासून बनलेल्या ऑटोमॅटिक प्रवासी गाड्यांना हे लॉक सक्तीचं आहे.

सगळ्यात महागडी चूक: जोर लावणं

दांड्याखालची बहुतेक यंत्रणा प्लास्टिकची असते. लॉकची पिन जोर सोसते, पण तिच्याभोवतीचं प्लास्टिक सोसत नाही. दोन-तीन हिसक्यांत ते तडकतं आणि मग लॉक दुरुस्त झालं तरी दांडा नीट बसत नाही, किंवा दांडा 'डी'वर (ड्राइव्ह) दिसतो आणि गिअरबॉक्स दुसरीकडेच असतो. म्हणून दांडा सहज निघाला नाही तर हात काढून घ्या. मदतीला येणाऱ्यांनाही नम्रपणे थांबवा. आम्ही त्या दिवशी थांबवलं नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

त्याऐवजी दोन मिनिटांची तपासणी करा. हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून चावी 'ऑन'पर्यंत फिरवा. आता ब्रेक दाबा आणि कोणाला तरी मागचे दिवे बघायला सांगा. एकट्या असाल तर गाडीमागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो का ते आरशात पाहा, किंवा मोबाइल मागे टेकवून व्हिडिओ लावून ठेवा. मग एसीचा पंखा आणि रेडिओ बंद करून पुन्हा ब्रेक दाबा आणि दांड्यापाशी कान द्या. बऱ्याच गाड्यांत तिथून 'टक्' असा बारीक आवाज येतो. तो सॉलेनॉइडचा.

दिवे लागत नाहीत आणि 'टक्'ही नाही, तर दोष फ्यूजमध्ये किंवा पेडलवरच्या स्विचमध्ये असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दिवे लागतात पण आवाज नाही, तर संशय सॉलेनॉइडवर, त्याच्या कपलरवर (वायर जोडणाऱ्या प्लगवर) किंवा तिथपर्यंत जाणाऱ्या वायरवर. काही गाड्यांत स्विचमध्येच दोन वेगळी सर्किट असतात, एक दिव्यांचं आणि दुसरं कंट्रोल युनिटचं. त्यामुळे दिवे लागले म्हणून स्विचला लगेच निर्दोष ठरवू नका. दिवे लागतात, आवाजही येतो आणि तरी दांडा निघत नाही, तर अडचण यांत्रिक आहे. नॉबचं बटण, त्याखालची दांडी किंवा केबल पाहावी लागेल, किंवा गाडी उतारावर 'पी'वर टेकलेली असेल. त्याबद्दल पुढे सांगते.

आणखी एक खूण. बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल आणि ती सुरूच होत नसेल, तर तिथेही अनेकदा दोष याच ब्रेकच्या स्विचमध्ये असतो. अशा वेळी लोक बॅटरी बदलून मोकळे होतात. बॅटरी खरोखरच उतरलेली असेल तर मात्र लॉकही सुटणार नाही, कारण सॉलेनॉइडलाही वीज लागतेच. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणत असतील तर आधी जंप स्टार्ट करून, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वीज जोडून, पाहा.

फ्यूज बदलताना

फ्यूजबॉक्सच्या झाकणावरच्या किंवा मॅन्युअलमधल्या नकाशात 'स्टॉप' लिहिलेला फ्यूज शोधा. काही जपानी गाड्यांत हॉर्न आणि ब्रेकचे दिवे एकाच फ्यूजवर असतात, तेव्हा हॉर्न वाजवून बघणं ही फुकटची चाचणी आहे. उडालेला फ्यूज काढून त्याच क्षमतेचा नवा घाला. लाल १० अँपिअरचा, निळा १५चा, पिवळा २०चा. १५चा वारंवार उडतो म्हणून ३०चा घालणारे भेटतात, आणि ही चूक जीवघेणी ठरू शकते. मोठा फ्यूज उडत नाही, त्याऐवजी वायर तापते.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आमच्या गाडीला आधीच्या मालकांनी डिकीवर स्पॉयलर आणि त्यात चमकणारी एलईडी पट्टी लावून घेतली होती. तिची वायर ब्रेकच्या दिव्याच्या वायरीला जोडून डिकीच्या बिजागरीजवळून नेली होती. डिकी उघडून-मिटून तिचं आवरण सोललं आणि तांबं पत्र्याला टेकलं. म्हणून जुनी गाडी घेतली असेल तर बाहेरून लावलेले दिवे आणि डिकीची बिजागरी आधी पाहा. तिथे काही सापडलं नाही तर ब्रेकच्या बल्बचे होल्डर काढा. जुन्या गाड्यांत पावसाचं पाणी शिरून ते हिरवट पडलेले असतात.

पेडलवरचा स्विच

हा भाग झिजतो, त्याचे संपर्क जळतात. २०१३ मध्ये ह्युंदाई आणि किआ यांनी अमेरिकेत केवळ या स्विचसाठी १६ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या होत्या. दांडा 'पी'मधून न निघणं हे त्या दोषाच्या परिणामांपैकीच एक होतं.

स्विच चुकीचा बसवल्यानेही त्रास होतो. आट्यांचा स्विच असेल तर काही मेकॅनिक तो जरुरीपेक्षा जास्त आत पिळतात. मग पेडल पूर्ण वर येत नाही, ब्रेक किंचित लागलेलाच राहतो आणि चाकं तापतात. उलट तो फार बाहेर राहिला तर पेडल सोडलं तरी दिवे विझत नाहीत. अंतराचं माप प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, ते वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणेच ठेवायला सांगा.

पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचे किंवा रबराचे चुरा झालेले तुकडे सापडले तर केरात टाकू नका. पेडलवर जिथे स्विचची पिन टेकते तिथे एक छोटा रबरी किंवा प्लास्टिकचा ठोकळा असतो. तो वयाने भुगा होतो आणि पिन सरळ भोकात शिरते. मग ब्रेकचे दिवे कायम लागलेले राहतात. दांडा अडत नाही, उलट ब्रेक न दाबताही निघतो, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. सकाळी बॅटरी उतरलेली असते, आणि त्याहून वाईट म्हणजे मागून येणाऱ्याला तुम्ही खरा ब्रेक कधी मारला हे कळत नाही. हा ठोकळा अगदी स्वस्तात मिळतो.

'पी' आणि उतार

घाटात, सोसायटीच्या रॅम्पवर किंवा महाबळेश्वरच्या चढाच्या रस्त्यावर दांडा घट्ट अडकला, तर लॉक बिघडलं असं लगेच समजू नका. 'पी'मध्ये गिअरबॉक्समधला एक छोटा खटका दातेरी चाकात अडकतो. तुम्ही आधी 'पी' टाकून मग ब्रेक सोडला, तर गाडीचं सगळं वजन त्या खटक्यावर येऊन बसतं आणि तो निघता निघत नाही. अशा वेळी तुम्ही ब्रेकजवळ पाय तयार ठेवून बसा, दोघा-तिघांना गाडी चढाच्या दिशेने जराशी ढकलायला सांगा आणि ती हलेल त्या क्षणी ब्रेक दाबून दांडा काढा. ढकलणाऱ्यांनी उताराच्या बाजूला चाकांच्या रेषेत उभं राहू नये आणि चाकाला दगड आधीच लावून ठेवावा.

उभी करताना क्रम असा ठेवा: ब्रेक दाबलेला, दांडा 'एन'वर (न्यूट्रल), हँडब्रेक घट्ट, ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, पुन्हा ब्रेक दाबून मग 'पी'. आईला ही सवय लागायला दोन आठवडे लागले.

ओव्हरराइड आणि 'डायरेक्ट करून देतो'

बऱ्याच गाड्यांत दांड्याशेजारी एक छोटं झाकण असतं. ते काढलं की खाच दिसते. तिच्यात चावी किंवा पातळ स्क्रूड्रायव्हर दाबून धरला की लॉक हाताने सुटतं आणि दांडा 'एन'वर नेता येतो. काही मॉडेलमध्ये ही सोय कन्सोलच्या, म्हणजे दांड्याभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या, आत लपलेली असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे हे आजच, घरासमोर उभं असताना शोधून ठेवा. वापरताना हँडब्रेक पूर्ण ओढलेला आणि पाय ब्रेकवर, यात तडजोड नाही. 'एन'मध्येही इंजिन सुरू होतं, म्हणजे गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. पण ब्रेकचे दिवेच लागत नसतील तर तशी गाडी रस्त्यावर, त्यातही रात्री किंवा द्रुतगती मार्गावर, नेऊ नका. फ्लॅटबेड बोलवा. पुढची चाकं ओढणारी गाडी 'पी'मध्ये असताना पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढून नेली तर खटकाच तुटू शकतो.

ओव्हरराइड ही अडल्या वेळची सोय आहे. महिनोन्महिने स्क्रूड्रायव्हर कपहोल्डरमध्ये ठेवून गाडी चालवणारे मी पाहिले आहेत. आणि काही ठिकाणी "सॉलेनॉइड मिळत नाही, डायरेक्ट करून देतो" म्हणून लॉक कायमचं निकामी करून देतात. ते करू देऊ नका. जुन्या मॉडेलचा सुटा सॉलेनॉइड नवा मिळाला नाही तर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात दांड्याचा अख्खा सेट मिळण्याची शक्यता असते, त्यातला काढून बसवता येतो.

बदलण्याआधी सॉलेनॉइड स्वच्छ करून पाहणंही सोडू नका. कपहोल्डरमधून सांडलेला चहा किंवा सरबत दांड्याच्या फटीतून खाली जातं, वाळतं आणि पिन चिकटवून टाकतं. पण फटीतून सरसकट गंज सोडवणारा स्प्रे मारू नका. त्याच्या तेलकट थरावर धूळ बसते आणि काही महिन्यांनी तोच त्रास परत येतो. कन्सोल उघडून, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा आणि पूर्ण वाळू द्या.

एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप बदलणारी गाडी असेल, तर यातलं बरंचसं लागू नाही. २०१४च्या मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या त्या प्रकारात सहसा 'पी' नसतोच. पण ब्रेक दाबूनही गिअर पडत नसेल, तर मागचे दिवे बघण्यापासूनच सुरुवात करा.

गॅरेजला फोन करताना "गिअर अडकला" एवढंच सांगितलंत तर समोरचा माणूस गिअरबॉक्सचाच विचार करणार. "ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागत नाहीत, दांड्याजवळ आवाज येत नाही, हॉर्नही बंद आहे," असं सांगा आणि शक्यतो आधी ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. आईच्या गाडीच्या ग्लोव्हबॉक्समध्ये आता १० आणि १५ अँपिअरचे चार फ्यूज आणि ते उपटायचा छोटा चिमटा असतो. स्पॉयलरवरची एलईडी पट्टी आम्ही काढून टाकली.